आतला रस्ता कोणाला सांगू नये

बुधवार, २१ जानेवारी
शनिवारची रजा मंजूर झाली. त्याला जोडून रविवार आणि सोमवारची २६ जानेवारी. या लाँग वीकेंडला मी पुण्याला जाणार.

जन्मापासून मळवलीत राहते, पण एकही लाँग वीकेंड मळवलीबाहेर काढलेला नाही, कारण त्या दिवसांत सगळं पुणं आणि अर्धी मुंबई आमच्याकडे येते. याचा अर्थ त्या दिवसांत पुणं रिकामं असतं. इतकं सरळ गणित घरात आजवर कोणाला सुचलं नाही याचं नवल वाटतं.

पुण्यात करायच्या गोष्टी: मेट्रोने या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणे. एखादं संग्रहालय. पुस्तकांची दुकानं. हॉटेलात एकटीने जेवणे, मध्येच उठून कोणाला पाणी न देता. वेळ उरल्यास जुनेदबरोबर चहा.

जुनेद: नवलाख उंबऱ्याच्या आमच्या प्लान्टमध्ये, क्वालिटीत, माझ्या शेजारचं टेबल. राहायला पुण्यात. आता बदली झाली, गुजरातच्या प्लान्टला. मंगळवारी तिथे हजर व्हायचंय, सोमवारी रात्री निघणार. 'जायच्या आधी एकदा भेटू' असं म्हणाला होता. सभ्य माणसं तसं म्हणतातच. मी 'बघू' म्हणाले. कधी येणार ते कळवलेलं नाही. मुद्दाम भेटायला आले असं वाटायला नको. तिथे पोहोचल्यावर सहज मेसेज करायचा.

गुरुवार, २२ जानेवारी
निळा कुर्ता इस्त्री केला. मेट्रोत एसी असतो, म्हणून लांब बाह्यांचा. या कुर्त्याबद्दल जुनेद एकदा काहीतरी म्हणाला होता. नक्की काय ते आठवत नाही. 'हा रंग तुला शोभतो', असं काहीसं.

शुक्रवार, २३ जानेवारी
घरी सांगितलं. अब्बा मुंबईच्या मालकांचा बंगला सांभाळतात, आमचं घर त्याच आवारात, फाटकाजवळ. त्यामुळे अब्बांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, शनिवार-रविवारी आपल्यातलं कोणी कधी बाहेर पडलंय का? खरं आहे. बंगले सांभाळणाऱ्या घरांत लग्नंसुद्धा मंगळवारी लागतात. माझ्या आतेभावाचा साखरपुडा बुधवारी झाला आणि मुलीकडच्यांनी विचारलं की मुलात काही दोष आहे का.

मी शांतपणे सांगितलं की मी नोकरी करते, मला रजा याच शनिवारची मिळाली आहे. अब्बा म्हणाले, जा की. पाहुणे अकराला येतायत, त्यांना तेवढं वायफाय जोडून दे आणि जा.

वाजवी आहे. मान्य केलं.

संध्याकाळी फाटकावरची नेहमीची तयारी. दूध आजच भरून ठेवलं, कारण उद्या दूधवाल्याची गाडी अडकते. अब्बांनी अम्मीला आणि सरुमावशीला नियम पुन्हा ऐकवला: कामशेतवरून खाचरांमधून मळवलीला येणारा आतला रस्ता कोणाही बाहेरच्याला सांगायचा नाही. कितीही गयावया केली तरी. एका पाहुण्याला सांगितला की पुढच्या शनिवारी रस्ता मॅपवर येतो, आणि मग आजारी माणसाला न्यायलाही वाट उरत नाही. सरुमावशी म्हणाली, 'मी तर माज्या जावयालाबी अजून सांगितला न्हाई.' ती बंगल्यावर भाकऱ्या करते.

नियम मला पटतो. गावात शिस्त असलेली ही एकच गोष्ट.

शनिवार, २४ जानेवारी
सकाळ: तयार. कुर्ता घातला.
दुपार: पाहुणे आलेले नाहीत. एक्स्प्रेस-वेवर अडकले आहेत. फोनवर विचारतायत, दुसरा रस्ता नाही का हो? अब्बा अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, नाही ना साहेब.
संध्याकाळ: आले. तीन गाड्या, पुण्याचे, सगळे भुकेलेले. सारिका मॅडम त्यांच्या प्रमुख. वायफाय जोडून दिलं. मग गीझर, मग टीव्ही, मग पाण्याच्या मोटरचा स्टार्टर उडाला. अब्बा सगळ्यांना सांगत सुटले की आमची शहिस्ता इंजिनिअर आहे. त्यानंतर मला बार्बेक्यूची शेगडीसुद्धा पेटवायला सांगण्यात आली.

कुर्त्याला धुराचा वास.

सारिका मॅडमना विचारलं, तुम्ही पुण्यात राहता, सुट्टीत तिथे काय करतात? त्यांनी खरंच विचार केला. म्हणाल्या, काही नाही ग, म्हणून तर इथे येतो. मग विचारलं, इथे काय असतं करायला? मी म्हणाले, काही नाही. त्यांनी मला शेगडीत आणखी कोळसा टाकायला सांगितला.

आज न जाणं हा माझा निर्णय आहे. सोमवार जास्त सोयीचा. रविवारी संग्रहालयात गर्दी असणार.

रविवार, २५ जानेवारी
सकाळी वाटलं, आजच जावं. संग्रहालय वगळता येईल. पण फाटकाला आडवी पाहुण्यांची गाडी, माझी स्कूटर आत. गाडीची किल्ली ज्यांच्याकडे, ते दुसऱ्या गाडीने टायगर पॉइंटला गेलेले आणि तिथेच अडकलेले. पूर्णपणे कोंडले गेले आहे. परिस्थिती माझ्या हातात नाही.

सरुमावशी भाकरी थापता थापता म्हणाली, 'टेशन हितंच तर हाय. गाडी अडकली, पाय बी अडकलं व्हय?' मी समजावलं की दुपारी पुण्याकडे बराच वेळ लोकल नसते. ती म्हणाली, 'आता कुटं दुपार झाली?' मी म्हणाले, होईल. ती माझ्या कुर्त्याकडे बघून हसली. म्हणाली, 'लय नटून लोकलची वाट बघायलीस.' स्वयंपाकघरातून बाहेर आले. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, ती मुद्द्याला धरून बोलत नाही.

दुपारी जुनेदचा मेसेज. आपण होऊन. 'लोणावळ्याकडे गर्दी आहे का ग?'

त्याने गुगल सोडून मला विचारलं याचं समाधान वाटलं. माहिती नेमकी असेल हे त्याला ठाऊक आहे. फाटकावर जाऊन खात्री केली, स्टेशनच्या रिक्षावाल्याला फोन केला, मग लिहिलं: जुना हायवे कामशेतच्या पुढे ठप्प. कार्ला फाट्यावर तिन्ही बाजूंनी कोंडी. एक्स्प्रेस-वे बंद असल्यासारखाच. बाइकलाही जागा नाही. सोमवार रात्रीपर्यंत सुधारणा नाही.

त्याने विचारलं, 'म्हणजे येऊ नये?'
मी लिहिलं, 'अजिबात नाही. डोकं ठिकाणावर असलेल्या कोणीही येऊ नये.'
'दुसरा रस्ता?'
'नाही.'

त्याने अंगठा पाठवला. बहुतेक एखाद्या मित्रासाठी विचारत असावा. संभाषण मोजकं आणि उपयुक्त झालं. उद्या येतेय हे अर्थातच सांगितलं नाही. सहजपणा टिकायला हवा.

रात्री अम्मीने विचारलं, फोनकडे बघून का हसतेस? मी हसत नव्हते.

सोमवार, २६ जानेवारी
सकाळी शाळेत झेंडावंदन, तिथूनच थेट स्टेशनवर. चालत. सरुमावशीला दिसणार नाही अशा बाजूने.

लोकल जवळजवळ रिकामी. समोरून येणारी प्रत्येक लोकल भरलेली, माणसं आमच्या डब्याकडे कुतूहलाने बघत होती. माझं गणित बरोबर होतं. पुण्याची मेट्रोही मोकळी. एका टोकापर्यंत गेले. परत आले. मेट्रो हे वाहन आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही, हे प्रत्यक्ष गेल्याशिवाय कळत नाही. पुस्तकांचं दुकान बंद. संग्रहालय राहू दिलं. हॉटेलात एकटीने जेवले. वेटर दोनदा म्हणाला, अजून कोणी यायचंय का?

मग, ठरल्याप्रमाणे सहज, मेसेज केला: 'कामासाठी पुण्यात आलेय. वेळ असेल तर चहा.'

बराच वेळ काही नाही. मग फोनच आला. मागे मोठी गाडी बंद-चालू होत असल्याचा आवाज. म्हणाला, अग मी बसमध्ये आहे, सुरतच्या पुढे, रात्रभर घाटातच अडकलो होतो.

मी म्हणाले, तुला तर आज रात्री निघायचं होतं ना.

तो म्हणाला, हो, रविवार मुद्दाम मोकळा ठेवला होता. काल बाइक काढून कामशेतपर्यंत आलो, तिथे चहाला थांबलो आणि तुला विचारलं. तू म्हणालीस, डोकं ठिकाणावर असलेल्या कोणी येऊ नये. मग वळलो. घरी बसून काय करणार, रात्रीची बस होती, तीच पकडली.

मी विचारलं, लोणावळ्यात काही काम होतं का?

तो म्हणाला, मळवलीत होतं.

मग आवाज तुटायला लागला. त्याने विचारलं, गर्दी खरंच होती ना? मी म्हणाले, हो, खूपच होती. तो म्हणाला, मग ठीक आहे.

मी त्याला 'ऑल द बेस्ट' म्हणाले. आलेच होते त्यासाठी.

परतीची लोकलही रिकामी. सुट्टी संपल्यावर संध्याकाळी पुण्यातून लोणावळ्याला कोण येणार.

मंगळवार, २७ जानेवारी
पाहुणे काल रात्री उशिरा गेले. रस्ता सकाळपासून मोकळा. प्लान्टवर गेले, शेजारचं टेबल पुसून ठेवलेलं होतं. घटनेचं मूळ कारण, क्वालिटीच्या भाषेत रूट कॉज, काढायचा प्रयत्न केला. जुनेदला पाठवलेल्या रिपोर्टमधली प्रत्येक ओळ तपासली. ठप्प म्हणजे ठप्पच होतं. चूक सापडली नाही.

संध्याकाळी सरुमावशी उरलेली भांडी घासत होती. तिला विचारलं, नाव न घेता, केवळ उदाहरण म्हणून: समजा एक माणूस रविवारी बाइकने कामशेतपर्यंत आला आणि पुढे सगळं जाम, तर त्याने काय करायला हवं होतं?

ती म्हणाली, 'आतल्या रस्त्यानं यायचं की. घटकाभरात हितं.'
मी म्हणाले, त्याला तो माहीत नव्हता.
'तू न्हाई सांगितला?'
मी म्हणाले, त्याने विचारलं होतं. पण बाहेरच्यांना सांगायचा नाही, असं आपलं ठरलंय.

सरुमावशीने पातेलं खाली ठेवलं आणि ओल्या हातांनीच माझ्याकडे वळली. 'मंग तो भाएरचा व्हता व्हय, पोरी?'

मोटर चालूच राहिली होती. जाऊन बंद केली.