उमामाच्या उंचीचं कपाट

वादी कबीर, मस्कत
१८ एप्रिल २०२५

प्रिय सफूरा आपास,

अस्सलामु अलैकुम.

आम्ही तिघं इथे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या परड्यातला हापूस यंदा धरला का?

मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे तय्यबने सांगितलं. "मस्कतला जाऊन नसीबा मोठी मडम झाली," असंही म्हणालीस म्हणे. रागाव हवं तेवढं, पण पत्र शेवटपर्यंत वाच. मुनीरभाई गावी निघालेत, त्यांच्याच हाती देते आहे. अक्षर बघून हसू नकोस. कधी काळी बाई माझी वही वर्गात फिरवायच्या.

आधी उमामाची बातमी. तुझी भाची पाच वर्षांची झाली आणि आता आपले कपडे आपणच घालते. त्यासाठी तिचं वेगळं कपाट केलं. म्हणजे केलं तय्यबने, मी खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. जुन्या कपाटाची दारं काढली, दांडी तिच्या खांद्याच्या उंचीला खाली आणली. एका वेळी दोनच फ्रॉक टांगायचे, नाहीतर बाईसाहेब निवडत बसतात आणि स्कूलबस निघून जाते. खालच्या खणांवर मोज्यांची, चड्ड्यांची चित्रं चिकटवली आहेत. प्रत्येक कपड्याला पाठीच्या बाजूने आतून लाल धागा, म्हणजे पुढचं-मागचं कळतं. गणवेशाची बटणं शिंप्याकडून नुसती शोभेची करून घेतली, आतून वेल्क्रो लावलं.

सुरुवातीला नुसती रडारड. एकदा लेगिंगच्या एकाच पायात दोन्ही पाय घालून धपकन पडली. मी उठवायला गेले तर ओरडली, "डोन्ट हेल्प मी, अम्मी! मी करेल!" मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

शेजारची वल्लरी कपाट बघून म्हणाली, "नसीबा, किती पेशन्स आहे ग तुला! मी तर दोन मिनिटांत घालून मोकळी होते." तिने फोटो काढून आयांच्या ग्रुपवर टाकला. आता ज्या त्या बाई मला विचारतात, मुलीला एवढं इंडिपेंडंट कसं केलंस. मी ओढणीत हात लपवून हसते.

आपा, माझ्या हातांनी बटण लागत नाही. खरं कारण एवढंच आहे.

मागच्या बकरी ईदपासून बोटं ऐकेनाशी झाली. आधी चहाचा कप सुटला, मग कंगवा. डॉक्टर म्हणाले, हातपाय हलवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत आणि यावर औषध नाही. आता जीभही जड झाली आहे. फोनवर मी नुसतं "सलाम" म्हटलं तरी तू ओळखशील, खोदून विचारशील, आणि उमामा शेजारीच असते. पुढे गिळणं जाईल, मग श्वास. तय्यब रोज म्हणतो, "इन्शाल्ला, सगळं ठीक होईल." मी दुआ मागायला बसते, पण हात वर होत नाहीत. तुझ्याशी खोटं कशाला बोलू, मला आता आशा राहिलेली नाही.

यंदा ईदच्या सकाळी उमामा नवा फ्रॉक घालून आली, अगदी बरोबर घातलेला. मी पलंगावर कुर्त्याशी झटत होते. "अम्मी, यू आर सो स्लो. मी लावते." जीभ दातांत धरून तिने माझी बटणं लावली. एक काज चुकलं. मला ते सोडवता येईना आणि तिला सांगवेना. सगळी ईद मी त्याच वाकड्या कुर्त्यात बसून पाहुण्यांना शीरखुर्मा घ्या, घ्या म्हणत होते.

जूनमध्ये मी तिला घेऊन तुझ्याकडे येते आहे. तय्यबला नोकरी सोडता येणार नाही. मी गेल्यावर तिला तू ठेवून घे. तुझ्याशिवाय मी कुणाकडे मागू?

सोबत एक दोरा आहे. त्याचं टोक जमिनीला लाव, गाठ जिथे येईल तिथे तिची दांडी. आम्ही यायच्या आधी तुझ्या माजघरातल्या कपाटात तेवढ्यावर दांडी बसवून घे. कपाट ओळखीचं दिसलं तर पोर कमी रडेल. आणि सुताराला वरपर्यंत भोकं पाडून ठेवायला सांग. ती वाढेल तशी दांडी वर सरकवावी लागेल, आणि ते तुलाच करायचं आहे.

दांडी बसली की फोन कर. मी उचलेन. बोलायचं मात्र तू.

जिच्या फ्रॉकची नाडी तू मागून बांधायचीस, ती
तुझी नसीबा