ड्रिलच्या आवाजातलं ‘नाही’

प्रिय टिटवे,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर उतरवतेय. रागावून नाही, खरंच. सकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्यात. कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर सोडलं, भाजी गॅसवर ठेवून विसरले, ती करपली. नवरा म्हणाला, “बाई गं, एक तर बस, नाहीतर बाहेर जा. तुला बघून मला गरगरायला लागलंय.” इतकी वर्षं गस्तीच्या गाडीत तुझ्याशेजारी काढली, आता रिकाम्या घरात बूड टेकत नाही. तू रेडिओवर अखंड बडबडायचीस म्हणून तुला टिटवी म्हणायला लागले. आता ती बडबड नाही, तर कान कसेनुसे होतात. तुझी छोकरी कशी आहे? दात आले का? नव्या ठाण्यात तिला सोडायची सोय झाली असेलच.

मला निलंबित केल्याचं तुला उडत उडत कळलं असेल. लोक तिखटमीठ लावतात, म्हणून माझ्याकडून ऐक. आपण दोघी गेलो होतो तो जिना आठवतोय ना? म्हातारे वडील खाली पडलेले, डोकं फुटलेलं, आणि वर दारात त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा. शेजारच्या घरात कुणीतरी थांबून थांबून भिंतीत ड्रिल मारत होतं. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “मी त्यांना ढकललं नाही.” नेमकं त्या ‘नाही’वर ड्रिल सुरू झालं. माझ्या छातीवरच्या कॅमेऱ्याला ते ऐकूच आलं नाही. ठाण्यात परतेपर्यंत त्या रेकॉर्डिंगवरून एआयनं अहवाल लिहून तयार ठेवला होता: मुलाने वडिलांना ढकलल्याची कबुली दिली. खाली माझ्या सहीची जागा, आणि सहीच्या वर छापलेलं, की हे सगळं मी स्वतः पाहिलं नि ऐकलं आहे.

मी तो ‘नाही’ अहवालात घातला. साहेबांनी काढला. “रेकॉर्डिंगमध्ये नाही ते अहवालात कसं येणार?” मी म्हटलं, “साहेब, माझ्या कानांनी ऐकलंय.” तर म्हणाले, “तुमच्या कानांची नोंद होत नाही. सही करा, हा हुकूम आहे.” मी पेन खाली ठेवलं. आवाज चढला असेल माझा, नाकारत नाही. ते बोलणंही कॅमेऱ्यानं टिपलं आणि एआयनं माझ्या वागणुकीला शेरा दिला: ‘उद्धट, अस्थिर’. आरोपपत्रात हुकूम मोडल्याच्या खालोखाल तोच शेरा आहे. तो कसा काढला म्हणून विचारलं, तर उत्तर आलं की ते बनवणाऱ्या कंपनीचं गुपित आहे. म्हणजे माझी भाकरी ज्या मापानं तोलायची, ते माप मला बघायचीही परवानगी नाही!

पोलिसांना युनियन करायची मुभा मिळाली हे नशीब. आपल्या युनियनचा वकील बरा आहे. सदा सर्दी झालेला, पण डोकं लख्ख. तो म्हणतो, एआय आणून कामाची पद्धत एवढी बदलली, त्यावर शिक्षा ठरायला लागली, तर आधी युनियनशी बोलणी करणं खात्याला भाग होतं. ती केलीच नाहीत. प्रकरण आता लवादापुढे आहे. मला वाटलं होतं, म्हातारा शुद्धीवर आला की सगळं मिटेल. तो आला आणि म्हणाला, चक्कर आली, पाय घसरला. पोराला सोडून दिलं. दवाखान्याच्या दारात त्यानं मला बघितलं आणि नुसता रडला. मी उड्या मारत ठाण्यात गेले, तर साहेब शांतपणे म्हणाले, “तो सुटला हे चांगलंच झालं. पण तुमच्यावर आरोप हुकूम मोडल्याचा आहे.” खरं निघालं तरी मी चुकीचीच! त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. मधे तडजोडही सुचवली त्यांनी: अहवाल बरोबर होता असं मान्य करा, नोकरी परत घ्या. नवऱ्याला ती हवी होती, मला कळलं. मी नकार दिला.

मी नाकारल्यावर त्याच अहवालावर तू सही केलीस, त्याबद्दल मी तुला कधी बोल लावला नाही. तुझी बढती अडकलेली, पोर अंगावर पिणारी. तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे. पण जिना उतरताना तू मला काय म्हणालीस ते विसरता येत नाही. “ताई, नाही म्हणताना कसा रडला गं तो.”

आज सकाळी वकिलानं विचारलं, तिथे दुसरं कुणी होतं का? दोनदा म्हटलं, आठवत नाही. तिसऱ्यांदा तुझं नाव दिलं. साक्षीची नोटीस तुझ्या हातात पडण्याआधी हे माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. खरं बोललीस तर तुझी ती सही उघडी पडेल, हे मला ठाऊक आहे. साक्ष दिली म्हणून तुला त्रास देता येणार नाही, असं कायदा म्हणतो. कायदा किती पाळला जातो ते तुला मी काय सांगू. आली नाहीस तर मला राग येणार नाही, असं खोटं लिहिणार नाही. येईल. पण तो माझा मी गिळेन. आलीस तर मात्र तिथे माझ्याकडे बघू नकोस. बघशील तर माझ्यासाठी बोलशील. त्या पोरानं काय म्हटलं, तेवढंच सांग.

तुझीच, चिडलीस तरी तुझीच,
ताई