बाबा परत येताहेत

प्रिय ताई,
तुला आणि भाऊजींना तुमच्या धाकट्याचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. बाबा आज निघाले. पत्र मिळेल तेव्हा ते तुझ्याकडेच असतील. मला त्यांना सांभाळता आलं नाही, असं मनात आणू नकोस.

आई गेल्यावर मीच हट्टाने त्यांना तुमच्याकडून इथे शहरात आणलं. पण त्यांचा दिवस सरेना. नुसते खिडकीशी बसायचे. म्हणून परवा त्यांना माझ्या कामावर, कीटकघरात नेलं. काचेच्या पेट्यांतले भुंगे पाहून जरा खुलले.

मी सांगितलं, "हा शेणकिडा मोकळ्या कुरणातला, शेणावर जगतो. हा शिंगाळा भुंगा रानातला, कुजक्या ओंडक्यांत वाढतो, झाडाचा रस पितो."

बाबांनी विचारलं, "या शिंगाळ्याला त्या शेणकिड्याच्या पेटीत ठेवलं तर?"

"उपाशी मरेल, बाबा," मी सहज बोलून गेलो.

ते बराच वेळ काचेला हात लावून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "तू काही कमी केलं नाहीस रे. पण मला घरी पाठव."

मी विनवलं, तुझी भावजय रडली. ते ऐकेनात.

त्यांना काही विचारू नकोस. गुडघा दुखतोय, पण सांगणार नाहीत. तेल पिशवीत आहे. तुझा खोकला थांबला का?

आत्ता त्यांच्या खोलीत बसलोय. जाताना त्यांनी ती इतकी आवरून ठेवलीय, की इथे कुणी राहिलं होतं असं वाटतच नाही.

तुझ्या मायेचा भुकेला,
धाकटा