गुरुवारचा मानकरी

जेनोवा, १६ एप्रिल १७८४

लाडक्या लीविया,

तुला आणि पोटातल्या पाहुण्याला माझे आशीर्वाद. इकडे ईस्टर नीट पार पडला. जावईबापूंनी पाठवलेलं डोंगरातलं चीज पोचलं. अर्धं मी खाल्लं, उरलेलं आपल्या म्हाताऱ्या दरवानानं, बाचिच्चानं, संपवलं असावं, कारण दोन दिवस त्याच्या खोलीपाशी वास दरवळत होता. माझा खोकला गेला. गावाबाहेरच्या आपल्या आल्बारोच्या घराच्या बागेत लिंबं भरपूर धरली आहेत. तू बाळंतपणाला येशील तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढलास तरी हाताला लागतील. तुझी खोली उघडून वारा घ्यायला ठेवली आहे.

तुझ्या बाबांना जाऊन वर्ष उलटलं, म्हणून काल गुरुवारची बैठक पुन्हा सुरू केली. मी काळंच नेसले होते. आपल्या गावात सगळे खानदानी लोक काळंच घालतात, त्यामुळे माझं दुःख कुणाला वेगळं दिसत नाही. ते मला बरं वाटतं.

दिवे लागायच्या वेळी लोक यायला लागले. पाद्री ओल्देरिको आले आणि आल्याआल्या साखरेत घोळलेल्या व्हायोलेटच्या फुलांच्या ताटलीजवळची खुर्ची त्यांनी धरली. सेत्तिमियाबाई नवा विग घालून आल्या. तो एवढा उंच, की मेण्यातून उतरताना त्यांना गुडघ्यांवर बसावं लागलं. डॉक्टरांनी हवेत उडणाऱ्या फुग्याबद्दल सांगितलं, पॅरिसमध्ये माणसं त्यात बसून वर गेली म्हणे. मी नेहमीसारखी कमी बोलले. बैठक चालवणाऱ्या बाईला फार बोलावं लागत नाही. कोण गप्प बसलंय ते पाहायचं, आणि त्याला ज्यातलं कळतं ते शेजारच्याला विचारायला लावायचं, एवढंच. तुला माहीतच आहे, मठात मला जपमाळ आणि कशिदा शिकवला. वाचायला मी लग्नानंतर तुझ्या बाबांच्या कपाटातली पुस्तकं काढून आपली आपण शिकले, आणि लिहायला त्याहून उशिरा. म्हणून माझी पत्रं अशी सरळ. नटवायला येत नाही.

तू इप्पोलितोकाकांबद्दल विचारलंस. ते बरे आहेत. गुडघा धरतो थंडीत.

आता लिहितेच, नाहीतर सेत्तिमियाबाई तुझ्या सासूबाईंना लिहितील आणि तुला त्यांच्याकडून कळेल. काल इप्पोलितो वर आलेच नाहीत. मी त्यांचा पेला नेहमीच्या जागी ठेवला होता, चॉकलेटवर साय धरली. तेवढ्यात पाद्रीबुवा म्हणाले, "बाईसाहेब, तुमचे मानकरी खाली वाम माशांच्या टोपलीशेजारी बसलेत. काही शिक्षा दिलीत की काय?" सगळे हसले.

झालं होतं असं. तुझे बाबा होते तोवर इप्पोलितो न विचारता सरळ वर येत. तो त्यांचा मान होता. माझ्या लग्नाच्या करारातच तुझ्या आजोबांनी लिहून घेतलं होतं, की मला नाटकघरात स्वतःची राखीव जागा असेल, स्वतःचा मेणा असेल, आणि हात धरून नेणारा एक मानकरी असेल. नवऱ्यानं स्वतःच्या बायकोशेजारी चारचौघांत बसणं म्हणजे हसं. तू तुरीनला जावईबापूंच्या हातात हात घालून फिरतेस, ते इकडे कुणी केलं असतं तर लोक खिडक्यांत जमले असते. तर बाचिच्चानं विचार केला, की मान मिळाला होता साहेबांच्या संमतीनं. साहेब नाहीत, तर आता यांना कोणत्या नात्यानं वर सोडायचं? आणि त्यानं तसं तोंडावर विचारलं. इप्पोलितो म्हणाले, तुझं बरोबर आहे, आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले. एका बाजूला मासळीवाला, दुसऱ्या बाजूला नोटरीचा कारकून.

मी खाली गेले. बैठक चालू असताना मी जिना उतरलेली इतक्या वर्षांत कुणी पाहिली नव्हती. मला बघून ते उठले, सवयीनं हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. मी म्हटलं, "वर चला." ते म्हणाले, "कोणत्या नात्यानं, ब्रिजिदा?" टोमणा नव्हता गं. खरंच विचारत होते. मला उत्तर आलं नाही. ते पायी घरी गेले.

बैठक चांगली झाली. आज शुक्रवार. सकाळपासून मला फार रिकामं वाटतंय, पण त्याचं कारण वेगळं आहे. ते पुन्हा कधी.

जपून राहा. पाय वर ठेवून बसत जा.

तुझी आई


जेनोवा, २१ मे १७८४

लाडक्या लीविया,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग बागेत जाऊन आले, मग पुन्हा वाचलं.

तू लिहितेस, की एकतर इप्पोलितोकाकांशी लग्न करा नाहीतर त्यांना दार बंद करा. दोन्हींतलं एक झालं नाही तर सासूबाई तुला आल्बारोला पाठवणार नाहीत, कारण ज्या घरात नात्याशिवाय पुरुष येतो तिथे त्यांचा नातू जन्माला यायचा नाही. त्यांचा मला राग नाही. तुरीनमध्ये घरं सरळ रेषेत बांधतात, माणसंही तशीच हवी असतात.

आणि एक गोष्ट तू विचारली नाहीस. पाच पानांत कुठेच विचारली नाहीस, त्यावरूनच मला कळली. तिचं उत्तर देते. पण ओळीनं सांगू दे.

तुझं पत्र यायच्या आधीच इप्पोलितो रीतसर भेटायला आले होते. बाचिच्चाकरवी निरोप देऊन, हातमोजे घालून, पाहुण्यांच्या खोलीत. म्हणाले, वर्ष झालं आहे, सगळे तेच धरून चालले आहेत, तुमच्या नावाला बोल लागायला नको, तेव्हा मी लग्नाला तयार आहे. जणू माझ्या जिन्यावरची फरशी निखळली आहे आणि ते बसवून द्यायला आले आहेत. मी विचारलं, "पण तुम्हाला हवंय का?"

ते म्हणाले, "मला काय हवंय, हे विचारायची आपल्यात पद्धत नाही."

लीविया, तो माणूस माझा पंखा धरून माझ्या मागे उभा राहिला तेव्हा त्याचे केस काळे होते. त्याला काय हवं होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्यालाही माहीत होतं, की माझ्याकडे ते द्यायला नव्हतं. ते मी आधीच देऊन बसले होते. म्हणून मी त्यांना जे सांगितलं तेच तुला सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण आमच्या वेळी याच्याइतकं हास्यास्पद दुसरं काही नव्हतं. माझं तुझ्या बाबांवर प्रेम होतं.

सगळ्या गावाला वाटायचं, की अन्साल्दो आपल्या वाटेनं जातो आणि ब्रिजिदा आपल्या. गुरुवारी ते घरी थांबत नसत, दुसऱ्या कुणाच्या बैठकीत पत्ते खेळत. पण शुक्रवारी सकाळी, मी अजून अंथरुणात असताना, ते रस्त्यावरच्या भट्टीतून बाचिच्चाला फारिनाता आणायला लावत. हरभऱ्याच्या पिठाची ती कडक पोळी, हमालांचं खाणं. कागदात गुंडाळलेली, तेलानं निथळणारी. ती घेऊन माझ्या पलंगाच्या कडेवर बसत आणि विचारत, "कोण आलं, कोण जेवलं, कोण खोटं बोललं?" आणि मी सांगायची. त्यांना हसवायला. मी गुरुवारी जे काही बघायची, ते शुक्रवारसाठी बघायची. गावात माझ्या बैठकीचं नाव झालं, ते त्या एका श्रोत्यामुळे झालं, आणि तो तिथे कधीच नव्हता.

मी हे सांगत असताना इप्पोलितो चमत्कारिक चेहरा करून बघत होते. मग एकदम हसायला लागले. म्हणाले, "शुक्रवारी दुपारी न्हाव्याकडे तो मला हेच विचारायचा. याच शब्दांत." मला पत्ताच नव्हता. "तुमच्या सांगण्यात पाद्रीबुवा दोन पेले प्यायचे, माझ्या सांगण्यात चार. अन्साल्दो म्हणायचा, म्हणजे तीन." आम्ही दोघं इतके हसलो, की बाचिच्चा दार उघडून बघून गेला. मला कळलं, की शुक्रवारी हा माणूसही रिकामाच बसतो. त्यालाही कुणी विचारत नाही.

मी त्यांना म्हटलं, "लग्न नको. मला नवरा आहे, तो वारला आहे एवढंच." त्यांनी मान हलवली. मग म्हटलं, "आणि गुरुवारी येत जाऊ नका."

त्यांचा चेहरा उतरला. तो मान म्हणजे त्यांचं सगळं आयुष्य होतं. मी म्हटलं, "जो तिथे असतो त्याला 'कोण आलं' असं विचारता येत नाही. तुम्ही शुक्रवारी या."

पहिल्या शुक्रवारी ते खुर्चीत ताठ बसले, हातमोजे मांडीवर. पंखा कसा धरावा हे त्यांना ठाऊक आहे, माणसाशी घरच्यासारखं कसं बसावं हे नाही. फारिनाता काट्यानं खात होते. मग त्यांनी घसा खाकरला आणि विचारलं, कोण आलं, कोण जेवलं. मी सांगितलं, की सेत्तिमियाबाईंच्या विगनं मेणबत्तीवर पेट घेतला आणि डॉक्टरांनी आपलं लिंबाचं सरबत त्याच्यावर ओतलं, आणि बाई म्हणाल्या, सरबत तरी थंड होतं का. ते हसले. मग म्हणाले, "आणि खोटं कोण बोललं?"

मी म्हटलं, "मी. लोकांनी विचारलं, इप्पोलितो का आले नाहीत. मी म्हटलं, गुडघा."

तर दार बंद झालं आहे. गुरुवारी माझ्या बैठकीत आता मानकरी नाही, माझा पंखा मीच धरते, आणि गाव समजतं, आमचं फाटलं. सासूबाईंना तेवढंच सांगून तुझं काम भागेल. पण तू तेवढंच सांगू नयेस असं मला वाटतं. शुक्रवारचंही सांग. ते पुढच्या दारानं, उजेडी येतात, आणि तू आल्बारोला आलीस तरी येतील. त्यांना त्या सकाळी तुझ्यासाठी थांबवणार नाही. हे मी तुला आधी कळवते आहे, म्हणजे इथे आल्यावर आई, फसवलंत असं तू म्हणायला नको.

आणि सासूबाई नाहीच म्हणाल्या तर मी येईन. या वयात बोकेत्ताचा घाट चढून, हाडं खिळखिळी करत तुरीनला येईन आणि तुमच्या दरवानापाशी बाकावर बसेन. त्यानं कोणत्या नात्यानं म्हणून विचारलं, तर मला उत्तर देता येतं.

बाचिच्चानंही पुन्हा विचारलं होतं, की यांना वर सोडताना काय म्हणून सांगू. म्हटलं, साहेबांचे मित्र. तो म्हणाला, हे आधीच सांगितलं असतं तर मी त्यांना मासळीवाल्याशेजारी बसवलं असतं का?

आता तू न विचारलेलं. तू लहान असताना बाबा तुझा कान धरून तुला आरशासमोर उभं करायचे, आठवतं? शेजारी स्वतःचा हुबेहूब तसाच कान लावून म्हणायचे, बिचारी पोर. ते दुसऱ्या कुणाच्या कानाला असं म्हणाले नसते. बाळाचे कान बघून मला कळव, किंवा मला बघू दे.

खोली अजून उघडी आहे. लिंबं पिवळी व्हायला लागली.

अन्साल्दोची बायको, आणि म्हणून तुझी आई,
ब्रिजिदा