लाल पेन

मंगळवार संध्याकाळ, नांदेड

आज क्लासमध्ये लाल पेन शबानाला मिळालं. इंग्रजीच्या मागच्या चाचणीत जो पहिला, त्यानं या वेळी सगळ्यांच्या वाक्यांतल्या चुका तपासायच्या, ही सरांची पद्धत. इतके दिवस ते पेन माझं होतं. शबाना मुखेडहून माझ्या खोलीवर राहायला आली, तेव्हा चुका कशा पकडायच्या हे तिला मीच शिकवलं ना? मग?

आज माझ्या पेपरात लई चुका निघाल्या. बाकीच्यांचे पेपर लाल रेघांनी भरलेले, माझ्या पेपरवर फक्त पेन्सिलीच्या बारीक खुणा. खोलीवर येताना मी विचारलंच. म्हणाली, "तुझ्या पेपरवर लाल पेन चालवायला माझा हात धजला न्हाई, ताई."

लाल रेघा मारल्या असत्या तर बरं होतं. निदान तिच्यावर चिडता तरी आलं असतं.