एकच ऑनिंग, दोन ओटे

३ मे, रविवार
सकाळी ७ ला ओट्यावरची ऑनिंग, म्हणजे उन्हासाठीचं गुंडाळायचं कापडी छत, धुवायला घेतली. (यापुढे नुसतं ऑ. शब्द तोडून लिहायची ऑफिसची सवय जात नाही.) अर्थात माझी अर्धी. दादाची अर्धी दादा धुवेल तेव्हा धुवेल. मधली भिंत नऊ इंची की साडेचार इंची, यावरून आम्हा भावांचा अबोला सुरू झाला त्याला चार वर्षं झाली. घराची वाटणी झाली, ओट्याची झाली. वरचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड मात्र आई असताना बसवलेलं, सलग अठरा फूट. एक रोलर, एक हँडल. हँडल दादाच्या टोकाला, म्हणजे ऑ. उघडणं-मिटणं त्यांच्या घरच्या हातात.

उलव्याकडच्या डंपरांची धूळ कापडात इतकी बसलीय की पहिली बादली चहासारखी निघाली. कबुतरांचं वेगळंच. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ ब्रश. कुंदा शिडी धरून सूचना देत होती. धुण्याची पावडर लावू नका, कापडावरचा पाणी अडवणारा थर जातो, वगैरे. हे मीच बायकोला शिकवलेलं, आता माझ्यावरच उलटलंय. मधल्या पांढऱ्या पट्टीशी आलो, थांबलो. बोटभरही पुढे नाही.

संध्याकाळी साडूकडे खारघरला निघताना कापडावर साबणाचे ओघळ दिसले. पाइपने परत एकदा पाणी मारलं आणि निघालो.

४ मे
काल परत आलो तर ऑ. मिटलेली. ओलीच असणार. सकाळी उघडतील म्हणून वाट पाहिली. नऊ वाजले, दहा वाजले. मग कुंदा म्हणाली, त्यांच्या दाराला कुलूप आहे. वहिनींच्या माहेरी, मोरा गावात, लग्नाची हळद आहे, सगळे तिकडे. हँडल कुलपाच्या आत.

६ मे
अजून कुलूप. उन्हात तापलेला तो ओला गुंडाळा बघवत नाही. मुद्दाम केलंय, दुसरं काय. कुंदा म्हणते, तुम्हाला सगळं मुद्दामच वाटतं.

८ मे
आले. ऑ. उघडली. आंबूस वास. माझ्या बाजूला काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे, आणि पांढरी पट्टी ओलांडून हातभर त्यांच्याकडेही.

दादा खाली उभा राहून बराच वेळ बघत होता. मग वहिनींना सांगितलं, म्हणजे मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने: महिनाअखेरीस माणूस बोलावतो, कापून टाकू मधून. आपल्या बाजूला फायबरचा पत्रा घालू, म्हणजे रोजची कटकट नको.

९ मे
झोप नीट नाही. वाईट वाटतंय, इथे तरी लिहून ठेवतो. घर वाटून घेतलं तेव्हा राग होता, त्या भरात काही वाटलं नाही. आता राग फारसा उरलेला नाही. हे कापड कापलं की आम्ही नुसते शेजारी.

कुंदाला म्हटलं. ती म्हणाली, मग जाऊन बोला की. तिला काय जातंय सांगायला.

१२ मे
बुरशीला पांढरं व्हिनेगर, दुप्पट पाण्यात. वाण्याने विचारलं, चायनीजचा बेत का काका? हो म्हटलं. चार बाटल्या घेतल्यावर त्याने माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं.
ठिपके फिके झाले, गेले नाहीत. पुन्हा करावं लागेल. पट्टीच्या पलीकडे हात लावला नाही.

१७ मे, रविवार
माझ्या टोकाच्या दांड्याचे सांधे पुसत होतो. (तेल नाही. तेलावर धूळ बसते.) वहिनी मधल्या कठड्याशी आल्या. आधी इकडचं तिकडचं, हळदीत किती माणूस होतं ते. मग हळूच म्हणाल्या, "भावजी, त्या दिवशी मीच मिटली. तुमच्या दादाचा खांदा धरलाय. दिवाळीपासून हात वर जात नाय त्यांचा, हँडल मीच फिरवते. निघायच्या घाईत वली हाय ते मला दिसला नाय."

म्हटलं, वहिनी, चूक माझी. धुऊन वाळली होती, मीच जाताना परत पाणी मारलं. सांगायला हवं होतं.
"मंग सांगायचा ना. आमी परके का?"
मी परत सांधे पुसायला लागलो.

दिवाळीपासून! सकाळी ऑ. उशिरा उघडते म्हणून मी इथे पानंच्या पानं आगपाखड केलीय. मागची पानं चाळली. लाज वाटली.

१९ मे
कुंदाच्या बोलण्यावरून त्यांच्या दारापर्यंत गेलो. दादा भिंतीला तोंड करून उभा होता, बोटांनी भिंतीवर चढायचा व्यायाम करत होता. कानाच्या वर हात जाईना. पाठीमागे मी उभा. चप्पल न वाजवता परत आलो.
वहिनींना म्हटलं, चूक माझी होती हे तुम्हीच सांगा त्याला. त्या म्हणाल्या, "नाय. त्ये तुमीच सांगा." कुंदा आणि त्या एकाच शाळेतल्या असाव्यात.

२४ मे, रविवार
आज पट्टी ओलांडली. ठिपके त्यांच्याकडे गेलेत ते माझ्यामुळे, मग कोण काढणार? कुणाला विचारलं नाही. कुणी अडवलं नाही. शिडी कठड्याला लावून व्हिनेगर, ब्रश, साधं पाणी, त्यांच्या टोकापर्यंत. दादा खाली खुर्चीत पेपर वाचत होता. पाणी पेपरावर ठिबकलं. त्याने खुर्ची हातभर सरकवली आणि वाचत राहिला. मी वर, तो खाली, दोन तास.

संध्याकाळी वहिनींनी हँडल कठड्यावरून माझ्याकडे दिलं. कापड तीन ठिकाणी चाचपून पाहिलं, कोरडं. मग त्यांच्या ओट्यावर जाऊन मीच मिटली. हँडल किती जड फिरतं, मला माहीतच नव्हतं.

दादा आत निघून गेला होता. चूक माझी, हे चार शब्दसुद्धा नाहीत, ते सांगायचे राहिलेच. कापणाऱ्याला नको सांगितलंय का, तेही कळलं नाही.

३१ मे, रविवार
नको सांगितलं नव्हतं. माणूस दहाला आला, ग्राइंडर घेऊन. वर चढून विचारतो, भिंतीच्या रेषेत कापू की कापडाच्या मध्यावर? दोन्ही एक नाहीत. कापल्यावर परत जोडून मिळणार नाही, आत्ताच ठरवा, म्हणाला.

मी माझ्या ओट्यावर, दादा त्याच्या. वहिनी दारात. कुंदा माझ्या मागे, तिने माझ्या पाठीला बोट लावलं.
मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी ओली राहिली ती माझ्यामुळे."
तो म्हणाला, "कळलंय मला." वर बघतच म्हणाला. मग, "अरे, आपली मधली पट्टी कुठली?"
"आता लक्षात नाही," मी म्हटलं.
त्याने मान हलवली. त्या माणसाला सांगितलं, आज राहू दे, आमचं नक्की होत नाहीये. उद्या या.

माणूस वैतागून गेला. उद्या दहाला येतो म्हणालाय.

डावीकडून अकरावी पट्टी. चार वर्षं मी इकडून आणि तो तिकडून तिथपर्यंतच धूत आलोय. त्याला माहीत नसेल असं होईलच कसं?