अंगठा वाकल्याबाबत

पप्पा,

तुमचा अंगठा वाकला. मी ते पाहिलेलं नाही, त्यामुळे तसं काही झालेलंच नाही.

सकाळी तुम्ही घरामागं शेळी बांधत होता, तेव्हा मी मोरीच्या खिडकीशी दात घासत होतो. माझं सगळं लक्ष दातांवर होतं. दावं पुन्हा पुन्हा सुटत होतं, तुम्ही शेळीला "दम धर की गं बये" म्हणालात, आणि मग अंगठ्यानं दोरी दाबून गाठ घट्ट बसवलीत. यातलं मला काहीच दिसलं नाही. पेस्ट तेवढी गिळली गेली.

कंपनीत मशीनवर अंगठा वाकवणारी आतली दोरी तुटली, डॉक्टरांनी ती शिवली, तरी तुम्ही आईला म्हणालात, "ह्यो आता नुसता शोभेला हाय." तेही मी ऐकलेलं नाही.

तुम्ही आत गेल्यावर शेळीनं गाठ ओढून पाहिली, मग मीही पाहिली. सुटत नाही. आईनं बांधलेली गाठ शेळी चहाच्या आधी सोडते.

मी लवळ्याला कॉलेजला चाललोय. आईला तुम्हीच सांगा, आणि लवकर सांगा. रिक्षात बसलो की मला सगळं आठवेल आणि मी पिरंगुटपर्यंत सगळ्यांना सांगत जाईन.

ता. क. ऑपरेशन झाल्यापासून आपल्या पायजम्याची नाडी बांधण्याचे काम खाली सही करणारा विनातक्रार करीत आहे. अंगठा पूर्ण बरा झाला तरी सदर इसमास या पदावर कायम करावे, ही नम्र विनंती.

आपला आज्ञाधारक,
रत्नदीप